ख्रिसमस पुडिंग नको? मग जेवणानंतर काय वाढाल

नोव्हेंबर सरत आला की ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘यंदा ख्रिसमसचं जेवण आमच्याकडे आहे. सुनेच्या माहेरची मंडळी येणार. पण ते काळं, जड पुडिंग मुलं खात नाहीत आणि आईंना चालत नाही. त्याऐवजी काय करू?’ कोणाला मद्य नको असतं, कोणाला अंडं, तर कोणाला एवढ्या जेवणावर जड गोडच सोसत नाही. पुण्या-मुंबईत हौसेने ख्रिसमसचं जेवण करणारेही हेच विचारतात.

पर्याय भरपूर आहेत. गोंधळ होतो तो चित्र पाहून पदार्थ ठरवल्यामुळे. आधी हे पाहा, की पुडिंग त्या जेवणात नेमकं काय काम करतं. ॲडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसआधीचे आठवडे, सुरू होण्याआधीच्या रविवारी घरातले सगळे मिळून ते ढवळतात. मग ते सहा-आठ तास वाफवून महिनाभर मुरत ठेवतात आणि २५ तारखेला नुसतं गरम करून, वर ब्रँडी पेटवून टेबलावर आणतात. म्हणजे ते आधीच तयार असतं, सगळ्यांच्या वाटणीला येतं आणि ते आणण्याचा एक सोहळा होतो. तुमच्या पर्यायाने ही तिन्ही कामं केली, तर पुडिंगची उणीव कोणालाही भासणार नाही.

आधी कारण ठरवा

पुडिंग का नको आहे, यावर पर्याय ठरतो.

- शाकाहारी पाहुणे आहेत: पारंपरिक पुडिंगमध्ये सुएट असतं. सुएट म्हणजे गाई-मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. वनस्पती तेलापासून केलेलं सुएटही मिळतं, त्यामुळे तेवढीच अडचण असेल तर शाकाहारी शिक्क्याचं पुडिंग आणून काम भागतं.
- मद्य नको: ब्रँडी पेटवली की सगळं मद्य उडून जातं, हा समज चुकीचा आहे. बराच अंश मागे राहतो. मद्य वर्ज्य असलेल्यांसाठी पदार्थ मुळातच मद्याविना करा.
- फार जड होतं: टर्की, भाजलेले बटाटे आणि ग्रेव्हीनंतर फळं असलेलं, थंड, हलकं गोड निवडा. ट्रायफल किंवा पॅवलोव्हा योग्य.
- बेदाणे-मनुका आवडत नाहीत: चॉकलेटचा युल लॉग किंवा खजुराचं स्टिकी टॉफी पुडिंग.
- ग्लुटेन चालत नाही: पॅवलोव्हा किंवा संत्र्या-बदामाचा केक.

मग ओव्हनचा विचार करा

ख्रिसमसचं जेवण ब्रिटनमध्ये साधारण दुपारी दोन-तीनला होतं. तीन वाजता राजाचं भाषण लागतं, त्यामुळे अनेक घरं त्याच्या आगेमागे जेवायला बसतात. सकाळपासून ओव्हन टर्की, बटाटे आणि भाज्यांनी भरलेला असतो. म्हणून नियम साधा ठेवा: त्या दिवशी ओव्हन लागेल असं गोड निवडू नका. आदल्या दिवशी पूर्ण होणारं किंवा शेवटच्या दहा मिनिटांत रचता येणारं गोडच निवडा.

पर्याय १: ट्रायफल

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी ट्रायफल निवडावं. काचेच्या खोल भांड्यात खाली केक, त्यावर फळं, कस्टर्ड आणि शेवटी फेटलेलं क्रीम असे थर. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाला ७० वर्षं झाली, तेव्हा देशभरातून निवडलेला गोड पदार्थही लिंबाच्या स्विस रोलचं ट्रायफलच होता. त्यामुळे इंग्रज पाहुण्यांपुढे ते ठेवताना संकोच नको.

मराठी घरांसाठी मोठी सोय म्हणजे कस्टर्ड पावडर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती तयार केली, ती त्यांच्या पत्नीला अंडं चालत नसे म्हणून. आजही साध्या कस्टर्ड पावडरचा आधार कॉर्नफ्लॉवर हाच आहे. बिनअंड्याचा केक घेतलात, तर अख्खं ट्रायफल बिनअंड्याचं होतं.

आठ जणांसाठी:

- साधा स्पंज केक २५० ग्रॅम
- दूध ६०० मिली, कस्टर्ड पावडर ३ मोठे चमचे, साखर ३ मोठे चमचे
- रासबेरी, स्ट्रॉबेरी किंवा संत्र्याच्या सोललेल्या फोडी ४०० ग्रॅम
- फेटता येईल असं क्रीम ३०० मिली
- केक भिजवायला संत्र्याचा रस पाऊण वाटी (मोठ्यांसाठीच असेल तर शेरी)

कस्टर्ड नेहमीपेक्षा घट्ट करा. पळी उलटी केली तर पाठीवर जाड थर राहिला पाहिजे. ते पूर्ण गार झाल्यावरच फळांवर ओता. गरम ओतलंत तर फळांना पाणी सुटून थर एकमेकांत मिसळतात. गार होताना वर साय धरू नये म्हणून कस्टर्डला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावा. क्रीम मात्र २५ तारखेलाच पसरा.

इथे चूक होते: ताजा अननस, किवी किंवा पपई घातली तर जिलेटिनची जेली धरत नाही आणि दुधाच्या पदार्थाला कडवट चव येते. ही फळं डब्यातली घ्या किंवा शिजवून घाला. जेली हवी असेल तर चायना ग्रासची करा. जिलेटिन प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून बनतं, त्यामुळे बाजारातली तयार जेली शाकाहारी आहे असं गृहीत धरू नका.

पर्याय २: पॅवलोव्हा

बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ मेरिंगचं कडं, त्यावर क्रीम आणि फळं. रशियन नर्तिका ॲना पॅवलोव्हा यांचं नाव या पदार्थाला आहे आणि तो आपलाच असा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांचा दावा आहे. तिथे ख्रिसमस ऐन उन्हाळ्यात येतो, म्हणून हे थंड गोड तिथल्या टेबलावर असतं. सोहळा म्हणाल तर लाल फळांचं पांढरंशुभ्र कडं पेटत्या पुडिंगच्या तोडीस तोड दिसतं.

प्रमाण: ४ अंड्यांचा पांढरा बलक, २२० ग्रॅम बारीक साखर, १ छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर, १ छोटा चमचा पांढरं व्हिनेगर.

1. भांडं आणि फेटणी कोरडी, तेलकटपणा नसलेली हवी. पिवळ्या बलकाचा थेंबही पडला तर पांढरा बलक फुगत नाही. म्हणून प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा आणि मगच मोठ्या भांड्यात घाला.
2. बलक फेटून टोकं उभी राहू लागली की साखर चमचा-चमचा करून घाला. घाई केलीत तर साखर विरघळत नाही आणि भाजताना पाक बाहेर गळतो.
3. मिश्रण दोन बोटांत चोळून पाहा. कण लागले तर आणखी फेटा. गुळगुळीत लागलं की कॉर्नफ्लॉवर आणि व्हिनेगर हलक्या हाताने मिसळा.
4. कागदावर कड्याच्या आकारात पसरा. ओव्हन १५० अंशांवर तापवा, पॅवलोव्हा आत ठेवताच १२० वर आणा आणि सव्वा ते दीड तास भाजा.
5. ओव्हन बंद करा, पण पॅवलोव्हा आतच पूर्ण गार होऊ द्या. एकदम बाहेर काढलात तर तडे जातात.

हे २३ किंवा २४ तारखेला करून हवाबंद डब्यात ठेवता येतं. क्रीम आणि फळं वाढण्याच्या अर्धा तास आधी घाला. मेरिंग गोडमिट्ट असतं, म्हणून क्रीममध्ये साखर घालू नका. उलट त्यात थोडा फेटलेला चक्का मिसळा, आंबटसर चवीने गोडवा बेताचा होतो.

इथे चूक होते: मेरिंग हवेतला ओलावा शोषतं. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत ते उघड्यावर ठेवलंत तर तासाभरात चिकट होतं. तिथे छोटी छोटी मेरिंग करून लगेच डब्यात भरणं सोयीचं.

पर्याय ३: स्टिकी टॉफी पुडिंग

‘गरम आणि गडद काहीतरी हवंच’ असा ज्येष्ठांचा आग्रह असेल तर हा पर्याय. खजुराचा मऊ केक आणि त्यावर लोणी, गूळसर साखर व क्रीमचा गरम सॉस. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागाशी या पदार्थाचं नाव जोडलेलं आहे.

- बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम चिरून, २५० मिली उकळतं पाणी आणि १ छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून २० मिनिटं भिजवा आणि चमच्याने मोडून घ्या.
- लोणी ८५ ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, अंडी २, सेल्फ रेझिंग मैदा १७५ ग्रॅम. सगळं एकत्र करून १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा.
- सॉससाठी लोणी १०० ग्रॅम, गडद ब्राउन शुगर १५० ग्रॅम, क्रीम २५० मिली. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा.

अंडं नको असेल तर दोन अंड्यांऐवजी अर्धी वाटी दही घाला. खजुरामुळे केक ओलसर आणि बांधलेला राहतो. केक आठवडाभर आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतो. त्या दिवशी तुकडे मायक्रोवेव्हमध्ये गरम करा, सॉस गॅसवर. ओव्हनला हात लावावा लागत नाही.

पर्याय ४: संत्र्या-बदामाचा केक

हा केक मैद्याशिवाय आणि लोण्याशिवाय होतो. मूळ स्पेनमधून बाहेर पडलेल्या ज्यूंच्या स्वयंपाकातला. क्लॉडिया रोडन यांनी तो इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवला आणि नायजेला लॉसन यांनी क्लेमेंटाइन घालून लोकप्रिय केला.

दोन मोठी संत्री सालासकट दोन तास उकळायची. कुकर असेल तर साधारण २० मिनिटांत ती मऊ होतात. गार झाल्यावर कापून प्रत्येक बी काढा, नाहीतर कडवटपणा येतो; मग सालासकट वाटा. त्यात ६ अंडी, २२५ ग्रॅम साखर, २५० ग्रॅम बदामाची पूड आणि १ छोटा चमचा बेकिंग पावडर फेटून १७५ अंशांवर तासभर भाजा. वरून लवकर काळपट होतो, म्हणून ४० मिनिटांनी फॉइल झाका. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, त्यामुळे २४ तारखेला करणं योग्यच. महाराष्ट्रातल्या वाचकांना डिसेंबरात नागपुरी संत्रं सहज मिळतं. त्यात बिया जास्त असतात, तेवढं जपा.

पर्याय ५: दहा मिनिटांचं क्रॅनकन

स्कॉटलंडचा हा पदार्थ ओव्हन आणि अंड्याशिवाय होतो. ओट्स कोरडेच तव्यावर खमंग भाजून गार करा. क्रीम फेटून त्यात मध आणि हवी असल्यास चमचाभर व्हिस्की घाला. उभ्या ग्लासांत रासबेरी, क्रीम, ओट्स असे थर द्या. फ्रोझन रासबेरीही चालते. ओट्स आधीच मिसळलेत तर ते भिजून मऊ पडतात, म्हणून थर वाढतानाच लावा. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका.

विकत आणायचं असेल तर

- युल लॉग: फ्रान्समधून आलेला, ओंडक्यासारखा दिसणारा चॉकलेटचा रोल. मुलांना सर्वांत प्रिय. घरी करायचा असेल तर केक गरम असतानाच कागदासकट गुंडाळा. तडा गेला तरी चालतं. १५० ग्रॅम चॉकलेट आणि १५० मिली गरम क्रीमच्या लेपाखाली तो झाकला जातो.
- पानेटोने: मिलानची उंच, हलकी गोड पावरोटी. त्यात अंड्याचा पिवळा बलक असतो. उरली तर दुसऱ्या दिवशी तिचं उत्तम ब्रेड पुडिंग होतं.
- श्टोलेन: जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा सुक्या मेव्याचा, लोण्याचा घट्ट पाव. पातळ काप करून कॉफीबरोबर वाढा. यात बहुधा बदामाचं मार्झिपान असतं.

गोव्याहून कोणी येणार असेल तर

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ म्हणजे कुसवार: बेबिंका, दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, बोलिन्यास, पेराद. ब्रिटनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती असल्याने यातलं बरंच तिथेही मिळतं.

बेबिंका म्हणजे नारळाचं दूध, अंड्याचे पिवळे बलक, साखर, मैदा आणि तूप यांचे एकावर एक भाजलेले थर. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पातळ काप किंचित गरम करून व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर द्या; सोहळा आणि चव दोन्हींत ती ख्रिसमस पुडिंगला पुरून उरते. अंडं न खाणाऱ्यांना मात्र ती चालणार नाही. त्यांच्यासाठी दोदोल: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. त्यात अंडं नाही, गहू नाही. तूप किंवा काजू घातलेत का, एवढं विचारून घ्या. तूप नसेल तर व्हीगन पाहुण्यांनाही तो चालतो.

सामानात काय आणू नये: दूध आणि दुग्धजन्य पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खव्याची मिठाई यात येते आणि विमानतळावर जप्त होऊ शकते. ताजं क्रीम नसलेला केक आणि बिस्किटांना सहसा अडचण येत नाही. तरीही निघण्याआधी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहायला पाहुण्यांना सांगा.

लेबल वाचताना आणि तुमचे हक्क

1. ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडंविरहित नव्हे. तिथल्या शाकाहारी पदार्थांत अंडं चालतं. भारतात मात्र अन्नसुरक्षा नियमांनुसार अंडं असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो, हिरवा ठिपका मिळत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी घटकांची यादीच वाचावी.
2. मिन्समीट या सुक्या मेव्याच्या गोड सारणाच्या बरणीत मांस नसतं, पण सुएट असू शकतं. मिन्स पाय घेतानाही हे पाहा.
3. १४ ॲलर्जनांची माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये दूध, अंडं, ग्लुटेनयुक्त धान्यं, शेंगदाणे, कवचाची फळं, तीळ, सोया, सल्फाइट यांसह १४ घटकांची माहिती विक्रेत्याने देणं बंधनकारक आहे. सुक्या मेव्यात टिकवण्यासाठी सल्फाइट अनेकदा असतात.
4. दुकानातच बनवून पॅक केलेल्या पदार्थावरही पूर्ण यादी हवी. १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘नताशाज लॉ’नुसार हे सक्तीचं आहे. यादी नसेल तर मागा आणि समाधान झालं नाही तर घेऊ नका.
5. ‘व्हीगन’ शिक्का ॲलर्जीसाठी हमी नाही. दुधाची किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी ‘असू शकतं’ या प्रकारची सूचनाही वाचावी.
6. ‘यूज बाय’ ओलांडलेलं फेका. ती तारीख सुरक्षिततेची असते. ‘बेस्ट बिफोर’ दर्जाची असते, ती उलटली म्हणून पदार्थ लगेच धोक्याचा होत नाही.
7. ऑनलाइन मागवलेला नाशवंत पदार्थ मन बदललं म्हणून परत करता येत नाही. पण तो चुकीचा, फुटका किंवा खराब आला तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दाद मागता येते. लगेच फोटो काढा, पावती जपा आणि विक्रेत्याला त्याच दिवशी कळवा.

कच्चं अंडं घातलेला मूस किंवा तिरामिसू करणार असाल, तर ब्रिटनमध्ये सिंहाचा शिक्का असलेली अंडीच घ्या. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांनाही ती कच्ची चालतात, असा तिथल्या अन्न विभागाचा २०१७ पासूनचा सल्ला आहे. भारतात मात्र कच्च्या अंड्याचं गोड टाळा.

पाच दिवसांचं नियोजन

- २१-२२ डिसेंबर: प्रत्येक पाहुण्याला विचारा: अंडं, दूध, ग्लुटेन, सुकामेवा, मद्य, काय चालत नाही? स्टिकी टॉफीचा केक करून फ्रीझरमध्ये ठेवा. ट्रायफलचं भांडं फ्रिजच्या कप्प्यात उंचीने बसतं का, हे आत्ताच पाहा.
- २३ डिसेंबर: पॅवलोव्हाचं मेरिंग. क्रीम आणि फळांची खरेदी.
- २४ डिसेंबर: संत्र्याचा केक, ट्रायफल कस्टर्डपर्यंत. राहिलेली खरेदी आजच उरका. इंग्लंड आणि वेल्समध्ये २५ तारखेला मोठी दुकानं उघडायला कायद्यानेच बंदी आहे.
- २५ डिसेंबर: जेवायला बसण्याआधी क्रीम फेटून फ्रिजमध्ये. मुख्य जेवणानंतर अर्ध्या तासाची विश्रांती घ्या आणि मग गोड आणा. क्रीम-कस्टर्डचा पदार्थ दोन तासांत परत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

महाराष्ट्रात करणाऱ्यांसाठी एक सूचना: छोट्या खोक्यात मिळणारं ‘फ्रेश क्रीम’ साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते फेटून उभं राहत नाही. ३५ टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम घ्या आणि भांडंही थंड करून घ्या. वनस्पती तेलाचं तयार क्रीम आधीच गोड असतं. ते वापरलंत तर कस्टर्डमधली साखर निम्मी करा.

किती पदार्थ करावेत?

दोन पुरे. एक मोठा, टेबलाच्या मधोमध ठेवण्याजोगा, आणि एक छोटा, ज्यांना पहिला चालत नाही त्यांच्यासाठी. पॅवलोव्हाबरोबर दोदोल, ट्रायफलबरोबर संत्र्याचा केक, युल लॉगबरोबर क्रॅनकन अशा जोड्या जमतात. पथ्याचा पदार्थ ताटलीत वेगळा करून कोपऱ्यात देऊ नका. तो टेबलावर सगळ्यांसोबत, त्याच मानाने आणि वेगळ्या चमच्यासह ठेवा. घरात एखाद्या आजोबांना जुनं पुडिंग हवंच असेल तर एका माणसापुरतं छोटं पुडिंग दुकानात मिळतं, तेही आणा. सणाच्या दिवशी कोणीही रिकाम्या वाटीने उठू नये, एवढं सांभाळलंत तर पदार्थ कोणताही निवडा, तो बरोबरच ठरेल.